‘पायाळू’ : वऱ्हाडातील एका जन्मप्रकाराचा व त्याच्या नावाचा इतिहास

मूल किती महिन्यांनी जन्मले हे सांगणारे ‘सातमाशा’, ‘अठमाशा’ असे शब्द मराठीत आहेत. एकाच वेळी दोन जन्मली तर त्यांना ‘जुळी’ किंवा ‘जावळी’ म्हणतात. परंतु जन्मताना देहाचा कोणता भाग प्रथम बाहेर आला, हे सांगणारे विशेषण आपल्या भाषेत एकच आहे, आणि ते म्हणजे ‘पायाळू’. मस्तकाकडून जन्मणाऱ्यास नाव नाही. शंभरातील शहाण्णव-सत्त्याण्णव मुले तशीच जन्मतात आणि जे सर्वांचे असते त्यास भाषा सहसा नाव देत नाही. उरलेल्या तीन-चार मुलांपैकी जी जगली, त्यांच्याकरिता हा शब्द आहे. ‘जी जगली’ हे शब्द येथे मुद्दाम योजले आहेत. पायाळू हे विशेषण चालत्याबोलत्या माणसास लागते. पायाकडून येताना जे मूल गेले, त्यास कोणी पायाळू म्हणत नाही. या एका मर्यादेत या शब्दाचा बराचसा इतिहास सामावलेला आहे, आणि त्या जन्मप्रकाराविषयी लोकांची जी समजूत झाली तिचे मूळही तेथेच सापडते.

शब्दाची घडण प्रथम पाहू. ‘दयाळू’, ‘झोपाळू’, ‘लाजाळू’, ‘विसराळू’ या मालिकेत ‘पायाळू’ सहज बसतो असे वरवर पाहता वाटते. पण ती मालिका स्वभाव सांगणाऱ्या शब्दांची आहे. पाणिनीने ‘आलुच्’ हा प्रत्यय (३.२.१५८) स्पृह्, दय्, निद्रा, श्रद्धा अशा मोजक्या धातूंना लावून दिला, तो त्या त्या क्रियेची सवय किंवा प्रवृत्ती दाखविण्यासाठी. पाय ही क्रिया नव्हे व प्रवृत्तीही नव्हे. तेव्हा ‘पायाळू’चे नाते ‘केसाळ’, ‘दुधाळ’, ‘रसाळ’ यांतील ‘-आळ’ या प्रत्ययाशी जुळविणे अधिक सयुक्तिक होय. ‘पायाळ’ म्हणजे पायाचा, पायाशी संबंध असलेला. पुढे ‘दयाळू’-‘मायाळू’ यांच्या सादृश्याने त्यास ऊकार लागला. हिंदीत याच अर्थाने ‘पायल’ असा शब्द आहे, त्यात हा ऊकार नाही, हेही या व्युत्पत्तीस पोषक आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात हा शब्द नोंदलेला आहे; म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच तो सर्वपरिचित होता. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) या लकबीची दखल घेतलेली आहे. त्या नियमाने तेल्हारा-अकोटकडे ‘पायाळू’चा ‘पायायू’ होतो, आणि ‘पायायूले इजेचं भेव’ असे वाक्य वऱ्हाडाबाहेरच्या मनुष्यास दोनदा ऐकावे लागते.

या वाक्यातील विजेची भीती ही पायाळूविषयीच्या तीन प्रसिद्ध समजुतींपैकी एक आहे. पायाळूवर वीज पडते, म्हणून आभाळ गडगडू लागले की त्याने उघड्यावर राहू नये, ही पहिली. पाठीत उसण किंवा चमक भरली असता पायाळूने पाय लावला म्हणजे ती निघते, ही दुसरी. आणि डोळ्यांत अंजन घातले असता पायाळूस भूमीतील धन व पाणी दिसते, ही तिसरी. पहिल्या दोहोंविषयी फार बोलण्याचे कारण नाही. मृगाच्या आगेमागे वऱ्हाडच्या मोकळ्या रानात वीज पायाळूवर पडते तशीच इतरांवरही पडते. तिसरी समजूत मात्र तेल्हाऱ्याच्या भूमीशी निगडित आहे, व तिचा विचार थोड्या विस्ताराने केला पाहिजे.

तेल्हारा तालुका सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जातो. उत्तरेस, हिवरखेड व वारी-भैरवगडाच्या बाजूस, डोंगरातून वाहून आलेल्या गाळाची जमीन असून तेथील विहिरींस गोडे पाणी लागते. दक्षिणेकडे जसजसे जावे तसतसा खारपाणपट्टा सुरू होतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अकोला, अमरावती व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर कितीही खणली तरी पाणी खारट निघते. ते पिण्यास निरुपयोगी व बागाईतास घातक. वान नदीवर वारीजवळ धरण होऊन नळाचे पाणी गावोगाव पोचू लागले ही अलीकडची गोष्ट आहे. तत्पूर्वी विहीर कोठे खणावी हा प्रश्न कुटुंबाचे भवितव्य ठरविणारा होता. पाणी सांगणाऱ्या ‘पाणाड्या’स जेथे मान, तेथे जन्मतःच पाणी दिसणाऱ्या पायाळूस मान मिळावा यात नवल नाही. जो मृत्यूच्या दारातून उलट्या पावली आला, त्यास इतरांना न दिसणारे दिसते, अशी ही कल्पनेची साखळी आहे.

या मानाची दुसरी बाजू भयंकर आहे. गुप्तधनाच्या लोभाने पायाळू व्यक्तीस, प्रसंगी अल्पवयीन मुलामुलींस, मांत्रिकाच्या हाती दिल्याचे प्रकार वृत्तपत्रांतून वेळोवेळी आलेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर लगेच अध्यादेश निघून त्याच वर्षाच्या डिसेंबरात जो जादूटोणाविरोधी अधिनियम संमत झाला, त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू व गुप्तधन यांच्या जोडीस जलस्रोतांच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचाही उल्लेख आहे. कायद्याच्या मसुद्यात पाण्याला धनाशेजारी स्थान मिळावे, हे महाराष्ट्राच्या भूगोलावरील एक भाष्यच म्हटले पाहिजे.

आता जो जन्म या सर्व समजुतींच्या मुळाशी आहे, त्याकडे वळू.

चरकाच्या शारीरस्थानात गर्भाच्या परिवर्तनाची कल्पना स्पष्ट आहे. गर्भ मातेच्या उदरात मस्तक वर करून असतो, प्रसवकाळी वायूच्या योगाने फिरतो, मस्तक खाली करून बाहेर पडतो; ही प्रकृती, आणि याहून अन्यथा होईल ती विकृती. प्राचीन ग्रीक वैद्यांचीही कल्पना फारशी निराळी नव्हती. आजच्या ज्ञानाप्रमाणे या वर्णनात काळाची चूक आहे, क्रियेची नाही. गर्भ फिरतो हे खरे. परंतु तो ऐन प्रसवकाळी नव्हे तर बहुधा त्यापूर्वी काही आठवडे फिरतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यास सुमारे पाचांतील एक गर्भ बुडाकडून बसलेला असतो. दिवस भरेपर्यंत हे प्रमाण शेकडा तीन ते चारांवर येते. यावरून मूल जितके अपुऱ्या दिवसांचे, तितका ते पायाळू होण्याचा संभव अधिक, हे उघड आहे.

सुश्रुताने या विकृतीचा विचार ‘मूढगर्भ’ या नावाखाली केला. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात कील, प्रतिखुर, बीजक व परिघ हे इतरांनी मानलेले चार प्रकार सांगून, एवढ्यावर भागत नाही, असे तो म्हणतो व स्वतः आठ गती देतो. त्यांतील पहिल्या तीन येथे प्रस्तुत आहेत : दोन्ही मांड्यांनी येणारा, एक मांडी दुमडून एकीने येणारा, आणि मांड्या व शरीर दुमडून स्फिक्-प्रदेशाने, म्हणजे ढुंगणाने, येणारा. आधुनिक प्रसूतिशास्त्रातील वर्गीकरणही मूलतः हेच आहे. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात उपाय दिला आहे. दोन्ही मांड्या आल्या असतील तर सरळ ओढावे. एक आली असेल तर दुसरी पसरून घ्यावी. ढुंगण आले असेल तर ते वर सारून मांड्या मोकळ्या कराव्यात व मग ओढावे. या कर्माइतके कष्टाचे दुसरे कर्म नाही, कारण ते डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शाने करावयाचे असते, म्हणून अधिकारी पुरुषाची अनुमती घेऊनच त्यास हात घालावा, असेही तो बजावतो. गर्भ जिवंत असता शस्त्राने कदापि छेदू नये. मृत असेल तर मात्र तुकड्यांनी काढावा.

या अखेरच्या आज्ञेचा एक अवशेष मराठी बोलण्यात आजही जिवंत आहे. ‘आडवे येणे’ म्हणजे मार्गात विघ्न करणे. आणि ‘पोटचे पोर आडवे आले तर कापून काढावे’ असे म्हणून एखादा म्हातारा आपला निर्धार सांगतो, तेव्हा तो शल्यकर्माचाच दाखला देत असतो याची त्यास कल्पना नसते. आडव्या गर्भाची सुटका हाताने न झाली तर माता वाचविण्याचा तेवढा एकच मार्ग शतकानुशतके होता. त्यामुळे आडव्या मुलासाठी भाषेत म्हण उरली, विशेषण उरले नाही. विशेषण लावावयास कोणी जगलाच नाही. पायाकडून येणारे मूल मात्र कधी वाचे, कधी न वाचे. म्हणून त्यास विशेषण मिळाले. एका अर्थाने हे दोन शब्दप्रयोग म्हणजे मृत्युसंख्येची अत्यंत ढोबळ, पण खरी नोंद आहे.

युरोपातही या जन्माचे नामकरण झाले होते. रोमन ग्रंथकार प्लिनी याने ‘अग्रिप्पा’ या नावाचा अर्थ कष्टाने जन्मलेला असा लावला. पायांनी जन्मणे निसर्गाविरुद्ध असून मार्कस अग्रिप्पा हा अशा जन्मांतला जवळजवळ एकमेव भाग्यवान पुरुष होय, असे त्याचे म्हणणे. नीरोही पायांनी जन्मल्याचे त्याच्या आईने लिहून ठेवले होते, असे तो सांगतो. अग्रिप्पाची ही व्युत्पत्ती आधुनिक भाषाशास्त्रज्ञांस संशयास्पद वाटते. पण लोकांस ती पटत होती, एवढेही इतिहासाच्या दृष्टीने पुरेसे आहे. रोमनांनी या जन्मात अपशकुन पाहिला आणि मराठी माणसाने त्यात सिद्धी पाहिली, हा फरक मात्र चित्तवेधक आहे. आपल्या फलज्योतिषाने तर या गोष्टीची राशींशी सांगड घातली : शीर्षोदय राशीचे लग्न असता मूल मस्तकाने येते, पृष्ठोदयाचे असता पायांनी. आधुनिक आयुर्वेदीय प्रसूतितंत्राच्या पुस्तकांत ‘स्फिगुदय’ अशी संज्ञा आढळते, तीतील ‘उदय’ या पदास ज्योतिषाचा हा जुना वास आहे.

सुश्रुताच्या उपायात ‘ओढावे’ हा शब्द पुनःपुन्हा येतो, आणि येथेच या जन्माचे सर्वांत मोठे संकट आहे. मस्तकाकडून येणाऱ्या मुलाचे डोके, म्हणजे देहाचा सर्वांत मोठा व कठीण भाग, प्रथम येते. कित्येक तासांच्या कळांत ते मार्गाच्या आकाराशी जुळवून घेते, आणि ते सुटले की बाकीचा देह मागोमाग घसरतो. पायाळूच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. मऊ व लहान भाग आधी निघून जातात आणि डोके शेवटी राहते. नाभीपर्यंत देह बाहेर आला की नाळ डोके व अस्थी यांच्यामध्ये दाबली जाते; त्यानंतर डोके सुटावयास मिळतात ती मोजकी मिनिटे. घाईने पाय ओढले तर मुलाचे हात वर जाऊन मानेमागे अडकतात, हनुवटी वर उचलली जाते व डोके अधिकच अडते. मूल गुदमरते, मेंदूत रक्तस्राव होतो, खांद्याची नस ताणून हात लुळा पडतो. पाऊल आधी आले असता नाळ निसटून खाली येण्याचा धोका असतो. ढुंगण आधी येऊन पाय वर दुमडलेले असतील तर तो पुष्कळच कमी होतो, कारण ढुंगण बुचाप्रमाणे वाट अडवून धरते. अपुऱ्या दिवसांच्या मुलास तर दुहेरी भय, कारण त्याचे धड डोक्याच्या मानाने बारीक असते. गर्भाशयाचे मुख पुरते उघडण्यापूर्वीच धड निसटते आणि डोके आत राहते.

पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्राची तीन शतके या एका डोक्याच्या सुटकेत गेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे याने आडव्या मुलास हाताने फिरवून पायांवर घेण्याची प्राचीन युक्ती पुनरुज्जीवित केली. म्हणजे त्या काळी पायाळू करणे हीच सुटका होती. १६६८ साली मोरिसो याने, पुढे अठराव्या शतकात स्मेली याने व एकोणिसाव्यात फाइट याने शेवटी येणारे डोके हनुवटी छातीकडे वळवून काढण्याची रीत सांगितली. ती तिघांच्या जोडनावाने आजही शिकवितात. १८०७ मध्ये विगांटने पोटावरून बाहेरूनच मूल फिरविण्याचे वर्णन केले. १९२४ साली पायपरचा चिमटा आला. १९३० नंतरच्या दशकात बर्न्स-मार्शल, ब्राख्त व लोव्हसेट यांच्या रीती आल्या. या सर्व रीतींचे सार मात्र एका निषेधात आहे : मूल आपणहून नाभीपर्यंत येईतो त्यास हात लावू नये. सुश्रुतापासून गावच्या सुईणीपर्यंत सर्वांस जे सुचले, ते न करणे हीच खरी विद्या ठरली. सुईणीस यासाठी दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. अडलेली बाई समोर कण्हत असता, मुलाचा पाय हाती आलेला असता आणि घरातील वडीलधारी माणसे दाराबाहेर उभी असता स्वस्थ बसून राहणे हे धैर्याचे काम आहे, आणि ते धैर्य कारण कळल्यावाचून येत नाही.

हे कारण मराठीत सांगण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता. मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांनी ‘गर्भविद्या व प्रसूतिप्रकरण’ हा ग्रंथ लिहून हे शास्त्र मराठी वाचकांपुढे ठेवले. १८८५ साली ते वारले. त्यांची सावत्र कन्या रखमाबाई पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाली व सुरत-राजकोट येथील स्त्रीरुग्णालयांत तिने आयुष्य वेचले. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. विषयाची ही निवड केवळ विद्वत्तेची नव्हती, असे मानावयास हरकत नसावी. परत आल्यावर कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षात, त्या पुण्यास वारल्या.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला होता व १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडला गेला. १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावे जो निधी उभा राहिला, त्याचा हेतू स्त्रियांसाठी दवाखाने काढणे व स्त्री-डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी तयार करणे हा होता. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास लोक अद्यापि ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयास ‘लेडी हार्डिंग’. सरकारी पाट्या बदलल्या, तोंडातली नावे बदलली नाहीत. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी काढला, तो केवळ देशी सुइणींच्या शिक्षणासाठी होता. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय आणि पूर्णेपलीकडील गाव यांमधील अंतर निधीने कमी होत नाही. तेल्हारा पूर्णेच्या उत्तरेस, अकोला दक्षिणेस. पावसाळ्यात काळ्या जमिनीचे रस्ते चिखलात बुडत आणि नदी फुगे. त्या चार महिन्यांत अडलेल्या बाईस पलीकडे नेणे दैवाधीन होते. हा प्रश्न सर्वस्वी गतकाळचा झाला असेही नाही. अकोला-अकोट मार्गावरील गांधीग्रामचा इंग्रजी अमदानीतला पूल २०२२ साली तडे गेल्यामुळे वाहतुकीस बंद करावा लागला, आणि रुग्णवाहिकांस वळसा घेणे भाग पडले. ज्या जन्मात मिनिटांचा हिशेब असतो, त्यात वळशाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

येथे कारण आणि परिणाम यांची एक गुंतागुंत लक्षात घेतली पाहिजे, कारण जुन्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांची ती हमखास फसगत करते. मूल पायाळू का होते? अपुरे दिवस, जुळे, गर्भजलाचे आधिक्य किंवा न्यूनता, खाली बसलेली वार, गर्भाशयाची दुभागलेली घडण, अरुंद कटी, अनेक बाळंतपणांनी सैल पडलेले पोट आणि मुलाच्या स्वतःच्या शरीरातील व्यंग, उदाहरणार्थ डोक्यात पाणी साचणे, ही त्याची ज्ञात कारणे होत. यांतील पुष्कळशी कारणे मुलाच्या जिवावर स्वतंत्रपणेही उठतात. तेव्हा पायाळू मुले अधिक दगावतात, या विधानात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात : काही मुले पायांनी आल्यामुळे दगावली, आणि काही ज्या कारणाने पायांनी आली त्याच कारणाने दगावली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जेथे मातेचे रक्त कमी व मुलाचे वजन कमी ही जुनी दुखणी आहेत, तेथे या दोहोंची फोड करणे विशेष कठीण, आणि विशेष आवश्यकही.

ही फोड करण्यासाठीच २००० साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडातील मेरी हॅना व त्यांचे सहकारी यांनी २६ देशांतील १२१ केंद्रांत २,०८८ स्त्रियांची, दिवस भरलेले एकच मूल व तेही बुडाकडून असताना, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी केली. नियोजित शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली मुले शेकडा १.६ निघाली, तर नैसर्गिक प्रसूती योजलेल्या गटात शेकडा ५. हा निकाल इतका निर्णायक वाटला की, प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. नेदरलंड्समध्ये अवघ्या दोन महिन्यांत अशा प्रसूतींतील शस्त्रक्रियांचे प्रमाण शेकडा ५० वरून ८० वर गेले. परंतु २००४ साली त्याच मुलांपैकी काहींची दोन वर्षांच्या वयात पाहणी झाली, तेव्हा मृत्यू व वाढीतील मागासलेपणा यांबाबत दोन गटांत फरक दिसला नाही. आणि २००६ साली फ्रान्स व बेल्जियममधील आठ हजारांहून अधिक प्रसूतींच्या पाहणीत, निवड काटेकोर व हात तयार असेल तर नैसर्गिक प्रसूतीही सुरक्षित होऊ शकते, असे आढळले. मूळ प्रयोगातही जेथे बालमृत्यूचे प्रमाण आधीच जास्त होते अशा देशांत दोन गटांतील अंतर थोडे, शेकडा २.९ आणि ४.४ असे होते, व ते निश्चयात्मक नव्हते. वऱ्हाडच्या दृष्टीने प्रयोगातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा; त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी झाली. एकदा शस्त्रक्रिया झालेल्या गर्भाशयावरचा व्रण पुढच्या प्रत्येक बाळंतपणात त्या स्त्रीबरोबर जातो, आणि ते बाळंतपण कदाचित नदीच्या अलीकडे होते.

या काळात महाराष्ट्राचे चित्र झपाट्याने पालटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातील शेकडा ९४.७ प्रसूती दवाखान्यात झाल्याचे व शेकडा २५.४ शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसते. सुईण जवळजवळ अस्तंगत झाली. तिच्याबरोबर पायाळू मूल हाताने सोडविणारी डॉक्टरांची पिढीही निवृत्त होत आहे; तरुण डॉक्टरांस अशी प्रसूती पाहावयासही क्वचित मिळते. मात्र बाई दवाखान्याच्या दारात येते तेव्हा मुलाचे पाय बाहेर आलेले असतात, असा प्रसंग अगदी संपलेला नाही. त्या वेळी मोरिसोची रीत हाताला ठाऊक असणे हाच उपाय. गुदमरलेल्या मुलास श्वास देण्याची विद्या तरी गावापर्यंत नेता येते, हे गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखविले. गावातल्याच स्त्रियांस शिकवून केलेल्या घरोघरच्या नवजात-सेवेने तेथील नवजात मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

अखेरीस पुन्हा शब्दाकडे यावे लागते. २००८ साली नॉर्वेतील संशोधकांनी १९६७ पासूनच्या आपल्या राष्ट्रीय जन्मनोंदींचे दोन पिढ्यांचे धागे जुळविले. आई किंवा बाप यांपैकी कोणीही स्वतः बुडाकडून जन्मलेले असेल, तर त्यांचे पहिले मूल तसेच येण्याचा संभव दुपटीहून अधिक असतो, असे त्यांना आढळले. बापाकडूनही हा वारसा येतो, हे विशेष. या निष्कर्षासाठी नॉर्वेस जवळजवळ चाळीस वर्षांचे दफ्तर लागले. वऱ्हाडातील खेड्यात असे दफ्तर नव्हते. पण अमक्याचा बाप पायाळू, तमकीचा मामा पायाळू, हे साऱ्या गावास ठाऊक असे. विजेच्या, उसणीच्या आणि गुप्तधनाच्या खुळ्या समजुतींनीच ही नोंद आयुष्यभर टिकवून धरली होती, कारण ज्या गोष्टीला लोक काही शक्ती चिकटवतात ती ते विसरत नाहीत. समजूत खोटी, नोंद खरी, अशी ही स्थिती होती. पायाळू मुलांत, विशेषतः मुलींत, खुब्याचा सांधा निखळलेला किंवा उथळ असण्याचे प्रमाण अधिक असते; तो वेळीच तपासला तर साध्या पट्ट्याने दुरुस्त होतो, न तपासला तर लंगडेपण येते. तेथेही हीच माहिती हवी असते.

आता गर्भाशयात बुडावर बसलेली मुलगी शस्त्रक्रियेने पोटातून उचलली जाते. तिचे पाय वाटेने आधी आले नाहीत. ती कोणत्याच वाटेने आली नाही. शब्दार्थाप्रमाणे ती पायाळू ठरत नाही, कारण हा शब्द गर्भाच्या बैठकीचा नव्हे, बाहेर येण्याचा आहे. तिची बैठक रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेली असते, आणि तो कागद वीस वर्षे घरात राहील याची शाश्वती नसते. वीस वर्षांनी स्वतःच्या पहिल्या बाळंतपणासाठी ती तेल्हाऱ्याच्या किंवा अकोल्याच्या दवाखान्यात आली आणि तुझा जन्म कसा झाला असे तिला कोणी विचारले, तर ‘सिझरनं’ एवढेच उत्तर तिला ठाऊक असेल. ते कशासाठी करावे लागले, हे त्या शब्दात नाही.